झोपाळ्याची कडी आणि पंचिंग बॅग

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी घरात पंचिंग बॅग लावायचे मी ठरवले, तेव्हा घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी आणि ऑफिसमधल्या दोघीतिघींनी एकच प्रश्न विचारला: कोणाला मारायचे आहे? कोणालाच नाही. ऑफिसजवळच्या एका व्यायामशाळेत मी तीन महिने बॉक्सिंगचा प्राथमिक वर्ग केला होता. त्यातल्या दोरीवरच्या उड्यांचे आणि जोरांचे मला कधीच प्रेम वाटले नाही. पण हातांना पट्ट्या गुंडाळून बॅगेसमोर उभे राहिले की तीन मिनिटे डोक्यात दुसरा विचार येत नसे, आणि मार्चअखेरच्या ताळेबंदांच्या दिवसांत हे सुख मला फार मोलाचे वाटू लागले. पुढे वर्गाची वेळ बदलली, ती मला जमेना, आणि बॅग घरीच आणण्याचा विचार सुरू झाला. त्या बॅगेची निवड, ती भरणे आणि टांगणे यांची ही हकिगत आहे. मी प्रशिक्षक नाही. मात्र नवख्या माणसाच्या हातून ज्या चुका होतात त्यांपैकी बहुतेक मी स्वखर्चाने करून पाहिलेल्या आहेत.

घरी बॅग लावायची तर सुरुवात मान वर करून छताकडे पाहण्यापासून करावी लागते, हे मला बरेच उशिरा कळले, कारण तोवर मी बॅग मागवून मोकळी झाले होते. छताची मला काळजी वाटली नव्हती याला कारण आमचा झोपाळा. आमची इमारत १९८८ सालची, कोथरूडमधली. स्लॅब टाकतानाच बिल्डरने दिवाणखान्यात झोपाळ्यासाठी चार कड्या सोडलेल्या आहेत आणि त्यांवर पितळी कड्यांचा, सागवानी पाटाचा झोपाळा गेली तीस-पस्तीस वर्षे झुलतो आहे. त्यावर एका वेळी तीन माणसे आरामात बसतात, म्हणजे पावणेदोनशे किलो वजन झाले. एवढे वजन पेलणाऱ्या कड्यांना तीस किलोची बॅग काय जड, असा माझा साधा हिशोब होता. थोडे दिवस झोपाळा उतरवून ठेवावा, असे मी सासूबाईंना भीत भीत सुचवले. त्या म्हणाल्या, "अगं, झोपाळा काढणार असशील तर आधी मलाच त्या गोणीत भर."

झोपाळा वाचला तो मात्र त्यांच्या या बोलण्यामुळे वाचला नाही. यजमानांचे एक मित्र स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत. ते चहाला आले असताना त्यांना स्टुलावर चढवून मी कडी दाखवली. त्यांनी टॉर्च लावला, कडीच्या आतून बोट फिरवले आणि मलाही फिरवायला सांगितले. सळई सोळा मिलिमीटरची होती. पण जिथे झोपाळ्याची कडी तीत अडकते त्या वळणात घासून घासून एक गुळगुळीत खोबण तयार झाली होती आणि तिथे जेमतेम अकरा मिलिमीटर लोखंड उरले होते. झोपाळ्यासाठी ते अजून पुरेसे आहे, असे ते म्हणाले, कारण झोपाळ्याचे वजन चार कड्यांत वाटले जाते आणि तो संथपणे एकाच दिशेने पुढेमागे जातो. बॅग मात्र सगळा भार एकाच कडीवर टाकते, चारही दिशांना हलते, स्वतःभोवती पिळते आणि हिसके देते.

हे हिसक्यांचे प्रकरण त्यांनी कागदावर मांडून दाखवले. तीस किलोची बॅग नुसती लटकत असेल, तर कडीवर तीस किलोचाच भार असतो. तीच बॅग साठ अंशांपर्यंत वर जाऊन परत खाली आली, तर सर्वांत खालच्या बिंदूतून जाताना साखळीवरचा ताण बरोबर दुप्पट, म्हणजे साठ किलो होतो. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातल्या लंबकाचाच हा हिशोब आहे. माझ्या ठोशाने बॅग साठ अंश हलणार नाही हे उघडच होते, पण घरात भाचेमंडळी येतात आणि बॅग दिसली की तिला मिठी मारून झोके घेतात, हे त्यांनी बरोबर हेरले होते. शिवाय खालून वर मारलेल्या ठोशाने बॅग क्षणभर उचलली जाते, साखळी सैल पडते आणि पुन्हा ताणली जाताना झटका बसतो. त्यामुळे बॅगेच्या वजनाच्या निदान चौपट-पाचपट भार सहज पेलेल अशीच व्यवस्था करावी, असे त्यांचे मत पडले.

मग कशाला टांगू नये याची यादी झाली, ती मी इथे थोडक्यात सांगून टाकते. पंख्याचा हूक पंख्यासाठीच असतो. पंखा चार-पाच किलोंचा असतो आणि त्याच्या शेजारूनच विजेच्या तारांचे पाइप गेलेले असतात. पीओपीच्या खोट्या छताला तर कपड्यांची दोरीसुद्धा बांधू नये; त्यात छिद्र पाडून वरच्या खऱ्या स्लॅबपर्यंत पोहोचावे लागते. नव्या उंच इमारतींमध्ये काही ठिकाणी पोस्ट-टेन्शन्ड स्लॅब असतो, म्हणजे त्याच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा असतात, आणि ड्रिल अशा तारेवर गेले तर ती केवळ आपल्या घरापुरती गोष्ट राहत नाही. आपला स्लॅब कोणत्या प्रकारचा आहे हे बिल्डरकडून किंवा सोसायटीकडच्या नकाशांवरून कळते, आणि ते कळल्याशिवाय ड्रिलला हात लावू नये. सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकची भिंत आणि साडेचार इंची पार्टिशनची भिंत याही बाद. जुन्या वाड्यात किंवा कोकणातल्या घरात सागाची धडधाकट तुळई असेल तर मात्र हेवा वाटावा असे तुमचे नशीब आहे; वाळवी लागलेली नाही ना एवढे ठोकून पाहावे आणि तुळईला छिद्र न पाडता तिच्याभोवती रुंद पट्टा टाकून बॅग लावावी.

भिंतीवरच्या ब्रॅकेटचा विचारही आम्ही केला. तो दिसायला सोपा वाटतो, पण त्यात तरफेचे गणित आड येते. भिंतीपासून साठ सेंटिमीटरवर तीस किलोची बॅग लटकत असेल आणि ब्रॅकेटच्या वरच्या व खालच्या बोल्टांमध्ये तीस सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बोल्टांना भिंतीतून बाहेर खेचणारी ओढ, बॅग स्थिर असतानाही, साठ किलोची असते. बॅग झुलू लागली की ती वाढते. बाहेरची नऊ इंची, पक्क्या विटांची भिंत किंवा काँक्रीटचा कॉलम असेल तरच हा मार्ग विचारात घ्यावा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना यातले काहीच करता येत नाही. पुण्यात शिकायला आलेली माझी भाची आणि परदेशात अपार्टमेंटमध्ये राहणारी माझी मैत्रीण, दोघींनी उभी बॅग घेतली आहे. तिच्या खाली पोकळ बैठक असते, त्यात पाणी किंवा वाळू भरायची. तेवढ्याच जागेत वाळूचे वजन पाण्याच्या सुमारे दीडपट भरते, म्हणून जागा पक्की असेल तर वाळू चांगली आणि घर बदलण्याची शक्यता असेल तर पाणी सोयीचे. दोघींची तक्रार मात्र एकच आहे: ठोसे बसतात तशी बॅग फरशीवरून इंचाइंचाने सरकते आणि शेवटी भिंतीला जाऊन टेकते. खाली जाड रबरी मॅट घातल्यावर हा प्रवास बराच कमी झाला. बैठकीच्या कडेला पुढचा पाय अडखळतो, ही अडचण मात्र राहतेच. तरीही छत खात्रीचे नसेल तर मी कोणालाही उभीच बॅग घ्यायला सांगेन, कारण ती पडली तर फार तर आडवी पडेल, डोक्यावर येणार नाही.

आता बॅग. मी जी मागवली होती तिच्या चित्रात ती चांगली गुबगुबीत दिसत होती. घरी आली तेव्हा ताडपत्रीची घडी असावी तशी चपटी होती. ती न भरलेली बॅग आहे, ही ओळ बारीक अक्षरांत कुठेतरी होती आणि मी ती वाचली नव्हती. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक बॅगा मेरठ किंवा जालंधरच्या असतात आणि पुष्कळदा अशा रिकाम्याच येतात. यात वाईट काही नाही, कारण वाहतुकीचा खर्च वाचतो आणि वजन आपल्या हातात राहते. फक्त आपण काय घेतो आहोत हे घेणाऱ्याला माहीत हवे.

वजनाबद्दल सर्वत्र एक ढोबळ नियम सांगितला जातो, तो असा की बॅग आपल्या वजनाच्या निम्मी असावी. माझे वजन साठ किलो आहे, म्हणजे बॅग तीस किलोची. हा नियम नवख्यांनी कमाल मर्यादा म्हणून पाहावा, असे माझे मत अनुभवाने झाले आहे. बॅग फार हलकी असेल तर पहिल्याच ठोशाला ती दूर पळते आणि दुसऱ्या ठोशासाठी तिची वाट पाहावी लागते, हे खरे. पण जड आणि कडक बॅगेचा त्रास मनगट, कोपर आणि खांदा या तिघांना होतो आणि तो लगेच कळत नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी पोळ्या लाटताना कळतो. लांबीत तीन, चार, पाच आणि सहा फूट असे पर्याय असतात. पाच-सहा फुटी बॅग लाथा मारणाऱ्यांसाठी. केवळ हातांनी खेळायचे तर चार फुटी उत्तम, तीन फुटी चालते. कातडी बॅग टिकते, पण ती महाग पडते आणि पावसाळ्यात तिला बुरशीपासून जपावे लागते; कॅनव्हास खरखरीत असतो, बोटांना घासतो; जाड रेक्झिनची, दुहेरी शिवणीची बॅग घरासाठी पुरे. घेताना मी आता रंग पाहत नाही. वरच्या कडेला पट्टे किंवा साखळ्या अडकवायच्या लोखंडी कड्या किती आहेत, चारापेक्षा कमी तर नाहीत ना, आणि त्या ज्या पट्टीला शिवल्या आहेत ती पट्टी बॅगेच्या अंगावर खालपर्यंत उतरली आहे की नुसती काठावर टाचली आहे, एवढेच पाहते.

बॅग भरताना मी जी चूक केली ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. समोर बांधकाम चालू होते, तिथून दोन घमेली चाळलेली वाळू मागून आणली, मग आणखी दोन, आणि बॅगेचा खालचा सुमारे तिसरा भाग वाळूने भरून वर जुन्या चादरी कोंबल्या. व्यायामशाळेत बॅग म्हणजे वाळूची गोणी, ही समजूत लहानपणापासून पाहिलेल्या सिनेमांमुळे मनात पक्की होती. तात्पुरती ती गच्चीवरच्या लोखंडी पाइपला टांगली. पहिल्या आठवड्यात ठीक वाटले. दुसऱ्या आठवड्यात वाळू हादऱ्यांनी दबून खाली बसली, पावसाळी हवेतला दमटपणा तिने शोषला आणि बॅगेचा तळ पाट्यावरवंट्याच्या पाट्यासारखा झाला. कमरेच्या उंचीवर एक ठोसा मारला तेव्हा उजव्या मनगटातून कळ आली ती दहा दिवस टिकली.

नंतर मी आकडेमोड केली तेव्हा थोडे हसू आले. तीन फूट लांब आणि बारा इंच व्यासाच्या बॅगेत साधारण सदुसष्ट लिटर जागा असते. ती वाळूने काठोकाठ भरली तर वजन शंभर किलो होते. चार फूट लांब, चौदा इंच व्यासाची बॅग तर पावणेदोनशे किलोंच्या पुढे जाते. उलट घट्ट दाबलेल्या कापडाने भरली तर तीन फुटी बॅग सोळा ते वीस किलो आणि चार फुटी तीस किलोंच्या आसपास भरते. म्हणजे नवख्याला हवे तेच वजन नुसत्या कापडाने आपोआप येते आणि वाळूची गरजच पडत नाही. ज्यांना जास्त वजन हवे असेल त्यांनी वाळू जाड प्लास्टिकच्या लहान पिशव्यांत दुहेरी बांधून बॅगेच्या बरोबर मधोमध, कापडाच्या गाभ्यात ठेवावी, म्हणजे ती हाताला लागत नाही आणि खालीही बसत नाही.

कापड मात्र आपल्या कल्पनेपेक्षा पुष्कळ लागते. तीस किलो कापड म्हणजे घरातली सगळी जुनी कपाटे. बोहारणीसाठी बाजूला ठेवलेल्या साड्या, विरलेल्या चादरी, मुलाच्या शाळेचे गणवेश, यजमानांच्या उसवलेल्या पँटी एवढे सगळे घालूनही बॅग निम्मीच झाली. उरलेल्यासाठी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून दोन पोती कात्रण आणले. बटणे, चेन, हूक आणि कॉलरमधल्या कडक पट्ट्या काढण्यात एक अख्खा रविवार गेला, पण ते टाळू नये; आत राहिलेले एकच पितळी बटण पुढे कधीतरी बरोबर बोटाच्या गाठीखाली येते. भरण्याची पद्धत सासूबाईंनी बसवून दिली. बरणीत लोणचे भरताना फोडींमध्ये हवा राहू नये म्हणून जसे दाबतो, तसेच: आधी तळाशी चादरीची गोल घडी, मग कडेकडेने मऊ साड्या, मध्ये कात्रण, आणि दर वीतभर थरानंतर मुसळाने चोहीकडून ठेचणे. कडेला पोकळी राहिली तर तिथे बॅग खड्ड्यासारखी दबते, आणि नुसत्या मध्ये ठेचल्यास पोट फुगून कडा सैल राहतात. दोन दिवसांनी कापड बसते, तेव्हा तोंड उघडून पुन्हा भर घालावी लागते. अधूनमधून वाळलेला कडुलिंबाचा पाला टाकला आहे. डांबर गोळ्या टाकायचा विचार होता, पण धापा टाकत त्यांचा वास घेणे मला सोसले नसते.

टांगण्यासाठी मागच्या खोलीतला स्लॅब निवडला. खोलीच्या मध्यापेक्षा बीमच्या जवळ स्लॅब कमी थरथरतो, म्हणून जागा बीमपासून अडीच-तीन फुटांवर धरली. प्रत्यक्ष बीमला मात्र छिद्र पाडू दिले नाही, कारण त्याच्या तळाशी मुख्य सळ्या दाटीने असतात. चार छिद्रांची पोलादी पट्टी, तिच्या मध्ये वेल्डिंग केलेली कडी, दहा मिलिमीटरचे चार अँकर फास्टनर (काँक्रीटच्या छिद्रात फुगून घट्ट बसणारे बोल्ट), वायसर, शॅकल म्हणजे स्क्रूने बंद होणारी डी आकाराची कडी आणि जाड कड्यांची साखळी हे सगळे हार्डवेअरच्या दुकानांच्या बोहरी आळीतून आणले. दुकानदाराने शॅकलऐवजी इंग्रजी एस अक्षरासारखा उघडा हूक देऊ केला होता, तो घेऊ नये. हिसक्यांनी तो हळूहळू उघडतो किंवा साखळी त्यातून उडून निसटते.

मिस्त्री अनुभवी होता, तरी मी त्याच्या शिडीच्या घोड्याशेजारी उभी राहून पाहत होते. आधी त्याने पट्टी छताला धरून पेन्सिलने चार टिंबे काढली. पहिल्या छिद्रात ड्रिल गेले तेव्हा आधी पांढरी भुकटी पडली, ती प्लास्टरची. मग करडी पडू लागली, तो खरा स्लॅब. अँकरची खोली मोजायची ती या करड्या भुकटीपासून, कारण सेंटिमीटरभर प्लास्टर काहीही धरून ठेवत नाही. तिसऱ्या छिद्रात तीन-चार सेंटिमीटर गेल्यावर आवाज एकदम बदलला, खणखणीत झाला आणि ड्रिल पुढे जाईना. ती सळई होती. मिस्त्री म्हणाला, "ताई, जोर लावला तर कापून जाईल." मी म्हटले, "दादा, कापायची नाही, पट्टी फिरवा." पट्टी थोडी तिरकी फिरवून चारही छिद्रे नव्याने पाडली आणि जुनी सिमेंटच्या गिलाव्याने बुजवली, या एका गोष्टीने अर्धा तास वाढला. छिद्रातली भुकटी फुंकणीने आणि ब्रशने काढल्याशिवाय अँकर नीट आवळत नाही, हेही मी त्या दिवशी शिकले. सगळे झाल्यावर बॅग लावण्याआधी त्याने साखळीला धरून स्वतःला लटकवून घेतले. तो सत्तर किलोंचा तरी असेल. छतातून कणभरही काही पडले नाही.

उंचीचा हिशोब खोलीनुसार आणि माणसानुसार बदलतो, म्हणून माझा सांगते. छत २९० सेंटिमीटरवर, माझी उंची १५७ सेंटिमीटर, बॅग १२० सेंटिमीटरची. बॅगेचा मध्य छातीच्या जरा खाली-वर यावा आणि तळ मांडीपर्यंत यावा, म्हणजे डोक्याच्या आणि पोटाच्या अशा दोन्ही उंचींवर सराव करता येतो. मी तळ जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर ठेवला, म्हणजे वरचा काठ १८५ वर आला आणि मधल्या १०५ सेंटिमीटरमध्ये पट्टे, साखळी, स्प्रिंग आणि कडी बसवली. घरात मुलगा १७८ सेंटिमीटरचा आहे, तो आला की साखळीच्या तीन कड्या वर घेतो. बॅगेभोवती चारही बाजूंनी तीन फूट तरी मोकळे हवेत. पुस्तकांची काचेची कपाटे त्या खोलीतून आधी हलवली, पण दाराच्या मुठीचा विचार केला नव्हता; तो माझ्या डाव्या कोपराने पहिल्याच संध्याकाळी करून दिला.

आता स्प्रिंगबद्दल. आपले छत म्हणजे वरच्यांची जमीन असते, ही साधी गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. बॅगेचा आवाज खालच्या मजल्यावर जाईल म्हणून मी खाली मॅट घातली, खालच्या काकूंना विचारूनही आले, त्यांना काहीच ऐकू येत नव्हते. चौथ्या दिवशी वरचे काका जिना उतरून आले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, "वहिनी, आमच्या मांडणीतले पेले वाजतात, तुमच्याकडे रात्री कांडप असते का?" साखळी थेट कडीला अडकवली की प्रत्येक ठोशाचा हादरा स्लॅबमध्ये शिरतो. साखळी आणि कडी यांच्यामध्ये बॅगेच्या वजनाला साजेशी जाड स्प्रिंग घातली आणि पट्टी व स्लॅब यांच्यामध्ये टायरच्या ट्यूबचा तुकडा बसवला, तेव्हा पेले वाजायचे थांबले. स्प्रिंगच्या आतून एक सैल साखळीही ओवून ठेवली आहे, म्हणजे उद्या स्प्रिंग तुटली तरी बॅग खाली येणार नाही. रात्री साडेआठनंतर मी बॅगेला हात लावत नाही, हा करार काकांशी तोंडी झालेला आहे.

हातमोजे आणि पट्ट्या यांत काटकसर करू नये. मोज्यांचे माप औंसात असते आणि एक औंस म्हणजे सुमारे अठ्ठावीस ग्रॅम. मी बारा औंसाचे घेतले, वजनदार माणसाने चौदा किंवा सोळा औंसाचे घ्यावेत. मोज्यांच्या आत पट्टी हवीच, कारण मोजा बाहेरचा आघात सौम्य करतो, पण हातातली बारीक हाडे आणि मनगट एकत्र बांधून ठेवण्याचे काम पट्टीचे असते. मोठ्यांची पट्टी १८० इंच लांब असते, म्हणजे साडेचार मीटर, अर्ध्या नऊवारीहून थोडी जास्तच. अंगठ्यात फास अडकवून ती पंजाच्या पाठीवरून मनगटाकडे न्यायची, मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या गाठींवर तीन वेढे, मग चारही बोटांच्या तीन बेचक्यांतून एकेकदा, अंगठ्याला एक, आणि उरलेली पुन्हा मनगटावर. गुंडाळताना बोटे फाकवलेली असावीत. बोटे मिटून गुंडाळली की नंतर मूठ वळताना पट्टी सैल तरी पडते किंवा बोटे सुन्न तरी होतात. मी दोन्ही अनुभवले आहे. धुताना पट्ट्या जाळीच्या पिशवीत घालाव्यात, नाहीतर त्यांचे वेल्क्रो घरातल्या सगळ्या ओढण्यांना चिकटते.

मूठ वळताना अंगठा बाहेर, तर्जनी आणि मधल्या बोटावर आडवा. आघात या दोन बोटांच्या गाठींवर यावा आणि मनगट कोपरापर्यंत एका रेषेत राहावे. नवख्यांचा ठोसा हटकून करंगळीच्या बाजूला उतरतो आणि करंगळीच्या मुळाशी असलेले तळहाताचे हाड मोडू शकते. डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. म्हणून पहिले पंधरा दिवस मी निम्म्या ताकदीने, फक्त डाव्या हाताचा सरळ ठोसा आणि उजव्या हाताचा सरळ ठोसा एवढेच केले. हौशी बॉक्सिंगच्या स्पर्धेत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये एकेक मिनिट विश्रांती असते. मी दीड मिनिटापासून सुरुवात केली आणि तीन मिनिटांपर्यंत यायला मला दोन महिने लागले. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, कारण या तीन मिनिटांत नाडी जिना चढण्याच्या कितीतरी पुढे जाते. ठोसा मारून हात तिथेच ठेवला तर बॅग ढकलली जाते आणि लांब झोके घेते. मारून लगेच हात हनुवटीशी परत आणला तर ती जागच्या जागी थरथरते. आपण बरोबर मारतो आहोत की नाही हे सांगायला घरी प्रशिक्षक नसतो, तेव्हा बॅगेच्या या हलण्याकडेच पाहावे लागते. सासूबाई झोपाळ्यावर बसून घड्याळ धरतात. तीन मिनिटे झाली की "पुरे" म्हणतात, आणि कधी कधी अडीच मिनिटांनीच म्हणतात.

देखभाल फारशी नाही. खेळून झाल्यावर घाम पुसून घ्यावा, बॅग उन्हात असेल तर रेक्झिनला तडे जातात म्हणून ती गॅलरीत लावू नये, दर महिन्याला तिला पाव वळसा फिरवावा म्हणजे ती एकाच बाजूने खचत नाही. पावसाळ्यात साखळीवर आणि शॅकलवर गंज चढतो, तिथे शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. छतावरच्या पट्टीसाठी इंजिनिअर मित्रांनी एक युक्ती सांगितली. चारही नट आवळून झाल्यावर प्रत्येक नटावरून पट्टीवर उतरणारी एक सरळ रेघ रंगवायची. मी लाल नेलपॉलिश वापरले. महिन्यातून एकदा स्टुलावर चढून पाहायचे. रेघ अखंड असेल तर नट जागचा हलला नाही, तुटलेली दिसली तर तो सैल होतो आहे. परवा, पाच महिन्यांनी, दाराकडच्या नटावरची रेघ तांदळाच्या दाण्याएवढी सरकलेली दिसली. बॅग उतरवली, पाना आणून नट आवळला आणि जुनी रेघ पुसून नवी ओढली.